तेरेरेत मिसळलेली गोळी

क्रेसेन्सियाच्या स्वादुपिंडातला कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टर सुनिल्दांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं की केमोच्या जोडीला जंतावरची एक जुनीच गोळी देऊन पाहायची आहे. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

एलिहिओला ती पिठाची गोष्ट काही पटेना. गावी परतल्यावर त्याने फार्मसीतून जंताच्या गोळ्या आणल्या आणि बायको ज्या शिंगाच्या पेल्यातून तेरेरे, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पत्तीचा चहा, प्यायची, त्यात रोज एक कुटून पुदिन्याखाली टाकू लागला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती प्यायलीच नसती.

आज त्या चाचणीसाठी डॉक्टरांकडे नाव नोंदवायचं होतं.

"गेल्या महिन्याभरात जंताचं औषध घेतलंत का, क्रेसेन्सियाबाई?"

"मला कसले जंत? ते याच्या पोटात असतील, जेवण बघा याचं!"

"म्हणजे नाही?"

"नाही. देवाशपथ."

डॉक्टरांनी तसं लिहून कागद सहीसाठी पुढे केला. क्रेसेन्सिया पर्समध्ये चष्मा शोधू लागली. एलिहिओला स्वतःचं खोटं आजवर पचलं होतं. तिच्या तोंडची शपथ मात्र पचेना.

"थांब, सही नको करूस. डॉक्टर, ती घेतेय. अकरा दिवस झाले. मीच घालतो, तेरेरेत."

क्रेसेन्सियाने वळून पाहिलं.

"म्हणून कडू लागायचं होय! आणि मी रामोनाला शिव्या घातल्या, शिळी पत्ती विकतेस म्हणून. आता तिची माफी तू मागायचीस, समजलं?"

"मागेन गं."

"आता यांना यात घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती गोळी घेतली की निदान महिनाभर थांबावं लागतं, आणि नोंदणी या शुक्रवारी संपतेय."

"एक महिना तर..." एलिहिओ म्हणाला.

"हो. तोवर नोंदणी बंद झालेली असेल."

"आणि केमो?" क्रेसेन्सियाने विचारलं.

"केमो गुरुवारी सुरू होईल. पण आधी रक्त पुन्हा तपासू. त्या गोळ्या सोबत आहेत का?"

एलिहिओने खिशातून पाकीट काढून दिलं. डॉक्टर त्यावरचं नाव उतरवून घेऊ लागल्या.

"बाई, आधी ते माझं 'नाही' खोडा," क्रेसेन्सिया म्हणाली.

डॉक्टरांनी ते खोडलं, शेजारी 'होय' लिहिलं. क्रेसेन्सियाने चष्मा लावून ते वाचलं आणि सहीविना कागद परत सरकवला.