आडाचा दोर

“घर ऐसपैस हाय. पर म्होरल्या खोलीत कोण ऱ्हातंय?” चहाची बशी खाली ठेवत कोंडिबा आबांनी विचारलं.

पुतळाबाईंचा पानाला चुना लावणारा हात थांबला.

आबा मुलीचे वडील. कासुर्डीहून मुलाचं घर बघायला आले होते. पुतळाबाईंचा सावळाराम दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर, बिडीलासुद्धा न शिवणारा. मुलगा त्यांना पसंतच होता. पण सोबत आलेल्या मध्यस्थ हौशीराममामांनी पुतळाबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, “भाड्याच्या खोलीत आबा पोरगी देयाचे न्हाईत.” त्यावर पुतळाबाई फाडकन म्हणाल्या होत्या, “भाड्याच्या? अवो मामा, सोताचं घर हाय आमचं. आडासकट!”

खरं तर घर एलिझाबेथबाईंचं होतं. त्यांच्या यजमानांनी, रेल्वेतल्या योहान गार्डांनी, ते बांधलं. आडाला कातळ लागला तेव्हा ड्युटीवरून येऊन स्वतः पहार घेऊन खाली उतरत. ते वारल्यावर बाईंनी स्वतःला पुढची खोली ठेवून मागच्या दोन खोल्या पुतळाबाईंना भाड्याने दिल्या. जागा सोन्यासारखी. बाजार हाकेवर, शेडचा भोंगा झाल्यावर सावळाराम चालत निघाला तरी वेळेत पोचायचा. आणि पुतळाबाई आल्या दिवसापासून त्याच आडाचं पाणी पीत होत्या.

आज सकाळी पाहुण्यांनी गल्लीत एलिझाबेथबाईंनाच विचारलं होतं, “पुतळाबाईंचं घर कंचं?” बाईंनी दारात उभ्या असलेल्या पुतळाबाईंकडे एकदा पाहिलं होतं. “हेच की. या,” एवढंच म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या होत्या.

“भाडेकरीण हाय,” पुतळाबाई आता म्हणाल्या. “रांडाव बाई. ठिवलीया दया करून.”

ते ‘दया करून’ कुणी मागितलं नव्हतं. जिभेला सवयच तशी.

तेवढ्यात एलिझाबेथबाई घागर घेऊन बाहेर आल्या. आडापाशी जाऊन त्यांनी घागरीच्या गळ्यात दोराचा फास अडकवला.

“नाव काय म्हनायचं, बाई?” मामांनी सहज विचारलं.

“एलिझाबेथ.”

आबांच्या कपाळाला आठी पडली. “म्हंजी किरिस्ताव? आन् आड एकच?”

घागर आडात सोडता सोडता एलिझाबेथबाई थांबल्या. सगळे पुतळाबाईंच्या तोंडाकडे बघू लागले. गावाकडे भावकीची तोंडं बंद करणारी बाई ती. त्या म्हणाल्या,

“ती कुठं आडाचं भरती? चौकातल्या नळावरनं आणती.”

एलिझाबेथबाईंनी घागरीचा फास सोडवला. दोराचं वेटोळं केलं आणि परक्याची वस्तू जागेवर ठेवावी तसं जपून खुंटीला अडकवलं.

“इसरलेच बगा, मालकीणबाई,” त्या म्हणाल्या आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन उन्हात चालू लागल्या.

सोयरीक जमली. साखर वाटली. पुतळाबाई नको इतकं बोलल्या, नको इतकं हसल्या. पाहुण्यांना पोचवायला गल्लीत आल्या, तर समोरून एलिझाबेथबाई भरली घागर डोक्यावर घेऊन येत होत्या. आबांनी धोतराचा सोगा उचलून धरला. बाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, स्वतःच्याच घराच्या भिंतीला, आणि पाहुण्यांना वाट दिली. घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या खांद्यावर सांडलं.

पाहुणे वळणाआड गेले तशा पुतळाबाई परतल्या. आडावर गेल्या, घागर शेंदली आणि पुढच्या खोलीच्या दाराशी नेली.

“हितं ठिवू का?”

“कशापायी?” आतून एलिझाबेथबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “हाय की नळाचं. सावळारामाचं जमलं न्हवं?”

“जमलं.”

“झ्याक झालं. गुणाचं लेकरू हाय.”

पुतळाबाई घागर तशीच घेऊन मागे आल्या. त्यातलं पाणी त्यांनी ना प्यायलं, ना ओतलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच त्यांनी खुंटीवरच्या दोराकडे पाहिलं. मग रिकामी कळशी उचलून चौकात गेल्या. नळावर बायकांची रांग होती.

“अगं बया! काल एलिझाबेथबाई, आज पुतळामावशी!” पुढची सरूबाई मान वळवून हसली. “आड आटला का काय तुमचा?”

गल्लीत कुणाच्या शब्दाचं उसनं न ठेवणाऱ्या पुतळाबाईंनी नुसता पदर ओढून घेतला आणि कळशी पायाने थोडी पुढे सरकवली.