भांड्याच्या बुडाखाली रॉडनी

लावॉनबाईंच्या मागे उरलं ते एवढंच: जुना पिकअप, बँकेतली किडूकमिडूक शिल्लक, एक भलामोठा फ्रीजर आणि ओव्हनमध्ये ठेवायचं काचेचं भांडं. एवढ्याशा पसाऱ्यासाठी कोर्टाने सोपी वाट ठेवली होती. वकील नको, तारखा नकोत. फॉर्मवर यादी करायची आणि सगळ्या वारसांनी कारकुनासमोर सह्या ठोकायच्या. वारस दोनच, लेक आर्लिस आणि तिचा धाकटा भाऊ रॉडनी. भांडायला तेवढे पुष्कळ झाले.

मागे कटकट नको म्हणून अमेरिकेत मिनेसोटातल्या त्या गावच्या सगळ्याच म्हाताऱ्या कुठली वस्तू कुणाला, ते चिकटपट्टीवर लिहून त्या वस्तूच्या बुडाला लावून ठेवतात. लावॉनबाईंनीही लावलं होतं. फ्रीजर आर्लिसला, पिकअप रॉडनीला. आणि भांड्याखालीही रॉडनीच! आर्लिसच्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षं आईचं सगळं तिने केलं होतं. याच भांड्यात दोघी मायलेकी चर्चच्या जेवणांना हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचे थर ओव्हनमध्ये भाजून, करून न्यायच्या. आणि ते मिळालं कुणाला, तर ज्याला साधं अंडं उकडता येत नाही त्याला.

ती भांडं काखोटीला मारूनच कोर्टात गेली. "मी सही करणार नाही," तिने काउंटरवर जाहीर केलं.

"अगं, घेऊन टाक ना ते," रॉडनी म्हणाला. "मला काय करायचंय?"

"तू कोण देणारा? आईने दिलं नाही, मग मला नकोच."

"सही नाही, तर सोपी वाट बंद. मोठ्या कोर्टात वर्षभर खेटे घाला," काउंटरमागच्या मार्डेलबाई म्हणाल्या. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघरही तीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होतं. "बघू ते इकडे."

त्यांनी भांडं उपडं केलं आणि नखाने पट्टी सोडवली. खाली दुसरी पट्टी: रॉडनी. तिच्याखाली तिसरी: रॉडनी. बाई खो खो हसत सुटल्या.

"अगं वेडाबाई, ही वाटणीची पट्टी नाही, चर्चची आहे! जेवणानंतर भांडं कुणी परत न्यायचं, त्याचं नाव. तुझी आई दर वेळी याचं लिहायची. म्हणायची, फोन करा त्याला. प्रार्थनेला नाही, निदान भांडं न्यायला तरी येईल."

"आणि तुम्ही फोन करायचात?" आर्लिसने विचारलं.

"दर वेळी! विचार त्याला, काय म्हणायचा ते."

रॉडनी कानापर्यंत लाल झाला. "आर्लिस नेईल, म्हणायचो."

आणि आर्लिस न्यायची, बूड कधी उलटून न बघता. तिला हसू आलं, पण त्याच्याआधी डोळे भरून आले.

"माझं नाव एकदाही नाही लिहिलं तिने."

"तू यायचीसच गं," मार्डेलबाई म्हणाल्या. "तुला कशाला बोलवायचं?"

आर्लिसने नाक पुसलं आणि सही केली. मग पेन भावाच्या हातात दिलं.

"भांडं माझ्याकडे राहील. रविवारी हॉटडिश मी करीन. रिकामं भांडं परत न्यायला तू यायचंस."

"चर्चमध्ये?"

"तळघरात. वर प्रार्थनेला जायचं की नाही, ते तुझं तू बघ."

रॉडनीने सही केली. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

एवढंच ऐकायला आई तीस वर्षं पट्ट्या चिकटवत होती.