हाळी आणि भोंगा

मित्रांनो, कन्नडच्या पुढे, घाटाखालच्या एका वस्तीवर, नदीच्या उताराशी खांबावर टांगलेला मी एक जुना इशारा-भोंगा आहे.

गारखेड्यातल्या एका छोट्या कारखान्यात सुलेखाताईंनी मला घडवले आणि झोपायला शिकवले. डोंगरावरचा मनोरा बाजारभाव, हवामान, पाण्याचा इशारा असे संदेश आळीपाळीने प्रसारित करतो. सगळेच ऐकत बसलो, तर झडीच्या दिवसांत माझी बॅटरी तग धरणार नाही. म्हणून इशाऱ्याच्या ठरल्या वेळीच जागे व्हायचे. पाणी येत असेल तर ओरडायचे, नसेल तर पुन्हा झोपायचे. झोपेत मला वस्तीतले बोलणे ऐकू येते, मनोऱ्याचे येत नाही.

माझ्याआधी इथे हाळी होती. वरच्या अंगाला लोंढा दिसला की म्हातारे फकिराबाबा हाळी देत आणि खालचे लोक पात्राबाहेर पडत.

पुढे गावोगावच्या लोकांनी बाजारभाव वारंवार मागितले. मनोऱ्याने ते वाढवले. इशाऱ्याच्या दोन खेपांतले अंतर लांबले आणि तितकीच माझी झोपही. वस्तीत कोणाच्याच ते ध्यानात आले नाही.

गेल्या पावसाळ्यात कडूबाई शेळ्या घेऊन पात्रात उतरत होत्या. त्यांचे दीर सर्जेराव म्हणाले, "निघा वैनी, भोंगा गप हाय. पाणी नाय."

मी झोपेत होतो. तेवढ्यात वरून हाळी आली, "कडूबाय, माघारी फीर!"

त्या कशाबशा काठावर चढल्या. दोन शेळ्या लोंढ्याने नेल्या. मग माझी वेळ झाली आणि मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी मला झेंडूचा हार घातला. "भोंग्यानं वाचवलं बघा."

"अन् मी काय कोल्हेकुई केली व्हय?" फकिराबाबा म्हणाले.

"मी तर बाबाचाच आवाज ऐकला," कडूबाई पुटपुटल्या.

"लई भ्यालात वैनी तुम्ही. बाबा, आता घसा कशाला फोडता?"

लोक हसले. फकिराबाबा लेकाकडे पुंडलिकनगरला राहायला गेले.

आज घाटमाथा काळाभोर झाला आहे. कडूबाई पात्राच्या तोंडाशी उभ्या राहून वरच्या अंगाला कान देत आहेत. तिथे आता कोणी बसत नाही. मागून सर्जेराव म्हणतात, "निघा की. भोंगा गप हाय."

मित्रांनो, माझ्या गप्प राहण्याचा अर्थ 'पाणी नाही' असा कधीच धरू नका. यंत्राला झोप लागतेच; म्हणून तुमच्यातल्या एकाला तरी काठावर जागे ठेवा.

वरून गार वारा सुटला आहे. शेळ्या पुढे जायला तयार नाहीत. माझी वेळ अजून दूर आहे.