चांदला न विचारता

पुण्यात घोरपडे पेठेत दादामियाँचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लग्नात द्यायच्या ट्रंका, धान्याच्या कोठ्या, कुणाला हवी असेल तर कोंबड्यांची खुराडीसुद्धा तिथं बनायची. शुक्रवारी दुकान बंद असलं की वरच्या माळ्यावर तीन जण गिटारी आणि ड्रम घेऊन बसायचे. एकदा शेजारचे लोक तक्रार घेऊन आले, तेव्हा दादामियाँ म्हणाले, "सहा दिवस मी पत्रा बडवतो तेव्हा कुणाचं डोकं दुखत नाही. सातव्या दिवशी पोरांनी बडवलं तर लगेच दुखायला लागलं?" तक्रार तिथंच मिटली आणि बँडला नाव मिळालं : पत्रा.

चांद हा दादामियाँचा एकुलता एक मुलगा. तो गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. ड्रमवर श्यामसुंदर, दिवसा बारावीच्या पोरांना गणित शिकवणारा आणि विनोद केला तरी चेहरा न हलवणारा. तिसरा मच्छिंद्र, शहराबाहेरच्या मांजरी गावचा. वडील हिंदुराव यांची निम्मी जमीन प्लॉटिंगमध्ये गेली होती आणि उरलेल्या निम्म्यात ऊस होता. मच्छिंद्र हडपसरला एका कंपनीत नोकरी करायचा, बेस गिटार वाजवायचा आणि चांदच्या बरोबरीनं गायचा. बरोबरीनं म्हणजे म्हणायला. लोक ऐकायला यायचे ते चांदचा आवाज, हे मच्छिंद्रला पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

'हद्द' नावाचं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं मांजरीवरच होतं. चांद एकदा मच्छिंद्रच्या घरी जेवायला गेला होता. सोजरबाईंनी, म्हणजे मच्छिंद्रच्या आईनं, त्याला रान दाखवलं आणि हात करून सांगितलं, "हितं इहीर हुती, हितं आमची जुनी वाट हुती. आता समदा रस्ता हाय." परत जाताना पीएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या चांदनं ओळ लिहिली : गाव गेलं रस्त्यात, रस्ता गेला कुठं? मांजरीत जन्म काढलेल्या मच्छिंद्रला ती ओळ सुचली नव्हती. पेठेतल्या चांदला एका जेवणात सुचली.

नऊ वर्षं ते कॉलेजांत, कॅफेंत, एकदा तर एका मंडळाच्या मांडवात वाजवत राहिले. मग दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात लाइपझिगहून हाना नावाच्या बाईंची मेल आली. छोट्या बँडचे दौरे आखणं हा त्यांचा उद्योग. 'हद्द'चा व्हिडिओ त्यांनी कुठंतरी पाहिला होता. ऑक्टोबरमध्ये वीस दिवस, अकरा कार्यक्रम, जर्मनी, पोलंड आणि शेवटी प्राग. येणार का?

दादामियाँनी त्या दिवशी दुकानातल्या कारागिरांना पेढे वाटले. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "हमारा पत्रा जर्मनी जा रहा है." गिऱ्हाइकाला वाटायचं, निर्यातीची ऑर्डर मिळाली.

व्हिसे झाले, तिकिटं झाली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादामियाँ पत्रा कापता कापता खाली बसले आणि त्यांना उठता येईना. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. घरात चांदची आई नसीमबानू एकट्या, त्यांचे गुडघे आधीच दुखरे. बापाला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, सगळं चांदवर आलं.

दवाखान्याच्या जिन्यात चांदनं दोघांना सांगितलं, "मला जमणार नाही. तुम्ही जा."

"तुझ्याशिवाय काय जायचं?" श्यामसुंदर म्हणाला.

"जायचं. अब्बांनी पेढे वाटलेत. आता कोणीच गेलं नाही तर माणूस तिथंच संपेल."

चांदनंच कोथरूडचा जोग नावाचा एक गिटारवाला शोधला. जोगचा व्हिसा धावपळीत झाला. बाप झोपला की दुपारी चांद माळ्यावर यायचा आणि जोगला एकेक गाणं शिकवायचा. इथं बोट उचलू नकोस, इथं श्वास घे, इथं शाम एक मात्रा उशिरा येतो, तू घाई करू नकोस. आपलं घर दुसऱ्याच्या ताब्यात देताना कुठला नळ गळतो, कुठली कडी अडकते ते सांगावं, तसं सांगायचा. मच्छिंद्र कोपऱ्यात बसून ऐकायचा.

त्याच आठवड्यात, एका मंगळवारी, कंपनीच्या कँटीनमध्ये डबा खाताना मच्छिंद्रच्या मोबाइलवर हानाबाईंची मेल आली. बँडचा पत्रव्यवहार तोच बघायचा. बाईंनी लिहिलं होतं की चांदच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. त्या सगळ्या सभागृहांशी बोलल्या होत्या. अकरापैकी दहा जण पूर्ण दौरा एप्रिलमध्ये न्यायला तयार होते. 'चांदशी आणि श्यामशी बोला आणि गुरुवारपर्यंत कळवा. तुमच्या तिघांचं जे ठरेल ते मला मान्य.'

मच्छिंद्रनं मेल दोनदा वाचली. भाजी गार झाली.

त्याला बत्तिसावं लागलं होतं. हिंदुरावांनी सांगून ठेवलं होतं की हे परदेशाचं खूळ एकदा पुरं कर आणि दिवाळीनंतर मुलगी बघायला चल. साहेबानं रजा दिली होती ती ऑक्टोबरची. एप्रिलपर्यंत काय होईल कुणी सांगावं? सभागृहवाले विसरतील, बाईंना दुसरा बँड मिळेल. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या तळाशी आणखी एक होतं आणि ते मच्छिंद्रला नीट दिसलं : चांद नसेल तर 'हद्द' तो गाणार होता. पुढं, मधोमध उभा राहून.

गुरुवारची वाट न पाहता त्यानं तिथंच उत्तर लिहिलं. 'तिघं बोललो. चांदचा आग्रह आहे की आम्ही आत्ताच यावं. ऑक्टोबरच ठीक.' मग डबा धुतला आणि जागेवर जाऊन बसला. चांदला त्यानं काही सांगितलं नाही, श्यामसुंदरलाही नाही.

निघण्याच्या दिवशी मच्छिंद्र, श्यामसुंदर आणि जोग दादामियाँना भेटायला गेले. म्हाताऱ्यानं डावा हात मच्छिंद्रच्या डोक्यावर ठेवला. काहीतरी बोलले, ते कुणाला कळलं नाही. चांदनं कान जवळ नेला आणि सांगितलं, "म्हणतात, जोरात वाजवा."

दौरा चांगला झाला. फार मोठा नाही, पण चांगला. जुन्या कारखान्यात, तळघरात, एकदा बंद पडलेल्या चर्चमध्ये कार्यक्रम झाले. कुठं साठ माणसं, कुठं दोनशे. मराठीचा एक शब्द न कळणारी माणसं 'हद्द'चं धृपद चुकीच्या उच्चारांनी म्हणायची आणि मधोमध उभा राहून मच्छिंद्र गायचा. पहिल्या दिवशी त्याला जे वाटायला हवं होतं ते वाटलं. छाती भरून आली. चौथ्या-पाचव्या कार्यक्रमापासून मात्र त्याच्या लक्षात यायला लागलं की तो चांदसारखा श्वास घेतोय, चांदसारखी मान वळवतोय. गाणं त्याच्या गावाचं होतं आणि गळ्यात दुसऱ्याचा आवाज होता. टाळ्या पडायच्या तेव्हा तो श्यामसुंदरकडं बघायचा नाही.

चांदचा रोज मेसेज यायचा. 'आज कुठं?' 'जोगनं तिसऱ्या गाण्यात घाई केली ना?' 'फोटो पाठवा, अब्बांना दाखवतो.' आठव्या दिवसानंतर अब्बांचा उल्लेख थांबला. बाकी मेसेज येत राहिले. दोघांना वाटलं, असेल गडबडीत.

प्रागचा शेवटचा कार्यक्रम संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हॉटेलात नाश्त्याला बसले असताना श्यामसुंदरला चांदचा फोन आला. तो उठून खिडकीशी गेला, बराच वेळ फक्त ऐकत राहिला आणि परत येऊन उभाच राहिला.

"दादामियाँ गेले," तो म्हणाला. "बारा दिवस झाले. कार्यक्रम बिघडेल म्हणून चांदनं सांगितलं नाही."

जोगनं हातातला पाव खाली ठेवला. हानाबाई शेजारीच होत्या. काय झालं ते कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी श्यामसुंदरकडून चांदचा मेलचा पत्ता घेतला आणि म्हणाल्या, मला त्याला दोन ओळी लिहायच्या आहेत. लिहू नका, हे मच्छिंद्र कुठल्या तोंडानं सांगणार?

पुण्यात उतरल्यावर मच्छिंद्र आणि श्यामसुंदर सामान घेऊन तसेच घोरपडे पेठेत गेले. नसीमबानूंनी दार उघडलं. पांढरी ओढणी, उतरलेला चेहरा. "आओ बेटा, बैठो," एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चांद दुकानात होता. ते तिथं गेले तेव्हा तो एका ट्रंकेला कडी ठोकत होता. ठोकून झाल्यावर उठला. श्यामसुंदरनं त्याला मिठी मारली. दोघं तसेच उभे राहिले. मग चांद म्हणाला, "शाम, अम्मीजवळ जाऊन बस जरा. ती एकटीच आहे."

श्यामसुंदर गेला. चांदनं मोबाइल काढून मच्छिंद्रपुढं धरला. हानाबाईंनी चार ओळी लिहिल्या होत्या, फार मायेनं. शेवटची ओळ अशी होती : 'मी एप्रिलचं सुचवलं होतं, तेव्हा तुम्ही थांबायचं ठरवलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं, पण मित्रांनी जावं हा तुमचा आग्रह होता, यातच तुमचं मन कळतं.'

"हे एप्रिलचं कधी आलं होतं?" चांदनं विचारलं.

"निघायच्या आधी. दोन आठवडे."

"शामला माहीत होतं?"

"नाही."

चांदनं मोबाइल खिशात टाकला. आवाज चढला नाही. "एक सांग मच्छ्या. मला विचारलं असतंस, तर मी काय म्हणालो असतो?"

मच्छिंद्रला उत्तर द्यायलाच हवं होतं. "जा म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. मग विचारलं का नाहीस?"

मच्छिंद्र बोलायला लागला. रजेचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, संधी पुन्हा येत नाही हे सांगितलं. तळाशी होतं ते मात्र सांगितलं नाही. चांदनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चहा झाला असेल, चल," आणि आत गेला. चहा पिताना त्यानं जोगची चौकशी केली. शुक्रवारचं कुणी काही बोललं नाही. पुढच्या शुक्रवारी माळ्याला कुलूप होतं.

श्यामसुंदरला सगळं मच्छिंद्रनंच पंधरा दिवसांनी सांगितलं. तो नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाला, "गणित बरं आहे हां तुझं. तिघांतून दोघं वजा केले की एक उरतो." त्यानंतर त्याचाही फोन येईनासा झाला.

मग मार्च आला आणि सगळं जग बंद पडलं. एप्रिलमध्ये विमानं नव्हती, सभागृहं नव्हती, माणसं नव्हती. त्या दिवसांत श्यामसुंदरचा एकदा फोन आला. मच्छिंद्रची दया आली असावी. म्हणाला, "एका अर्थी बरोबरच केलंस म्हणायचं. एप्रिलवर ठेवला असता तर दौरा झालाच नसता." मच्छिंद्रनं हे वाक्य पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं होतं, खोडून काढता येत नव्हतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. एप्रिलमध्ये काय होणार हे कँटीनमध्ये बसलेल्या त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त चांद माहीत होता.

त्याचं लग्न झालं. चांद लग्नाला आला, जेवला, आहेर केला, आणि सोजरबाईंच्या पाया पडून लवकर निघून गेला. मग मुलगी झाली. बेस गिटार कपाटाच्या वर गेली.

दोन हजार बावीसच्या दिवाळीत सोजरबाई करंज्या लाटता लाटता म्हणाल्या, "त्यो चांद का येत न्हाई रं आता? लई गुणाचं लेकरू."

कुणाला न सांगितलेलं मच्छिंद्रनं त्या दिवशी आईला सांगितलं. तळाशी होतं तेसुद्धा. लाटणं थांबलं.

"माफी मागितलीस का?"

"सगळं समजावून सांगितलं होतं त्याला."

"समजावलंस. माफी मागितली का, त्ये इचारती मी."

तीन वर्षांत तो एक शब्द मच्छिंद्रच्या तोंडून निघाला नव्हता, हे त्याला आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो घोरपडे पेठेत गेला. दुकान मोठं झालं होतं, बाहेर स्टीलच्या कपाटांची रांग होती. चांदच्या केसांत पांढरं दिसत होतं. मच्छिंद्र उभ्या उभ्याच बोलला. गाणं मला म्हणायचं होतं, म्हणून तुला विचारलं नाही. चुकलो. माफ कर.

चांदनं हातातला मोजायचा टेप गुंडाळून ठेवला. "ते मला तेव्हाच कळलं होतं रे," तो म्हणाला. "आणि माफही केलं होतं. नाहीतर लग्नाला आलो असतो का?"

"मग शुक्रवारी..."

"नाही." चांदनं मान हलवली. त्यात राग नव्हता, म्हणूनच मच्छिंद्रला धरायला काही मिळेना. "मी प्रयत्न केला. दोनदा गिटार घेऊन बसलो. ओळ सुचली की पहिली तुला ऐकवायची सवय होती. आता सुचली तरी वाटतं, कुणाला ऐकवू? मग सुचेनाशीच झाली. माफ केलं म्हणून ते परत येत नाही. त्याला मी तरी काय करू?"

एक बाई मुलीच्या लग्नासाठी कपाट बघायला आल्या. चांद त्यांच्याकडं वळला, दार उघडून कप्पे दाखवायला लागला, आतल्या आरशावरून हात फिरवला. मच्छिंद्र थोडा वेळ थांबला. बाईंचं लवकर ठरेना. शेवटी त्यानं दुरूनच हात केला, चांदनंही केला, आणि मच्छिंद्र भर उन्हात स्वारगेटच्या दिशेनं चालत निघाला.