डावीकडच्या सीटवरचा माणूस

आमच्याकडे फ्रान्सची सहल ठरते ती मार्चमधल्या एखाद्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. भाजलेलं मटण आणि बटाटे टेबलावरून हलले की माझी बायको हिलरी तिथे नकाशा पसरते. फोनमध्ये सगळे रस्ते असताना हा कागद कशाला, असं आमची तेरा वर्षांची टिल्डा दरवर्षी विचारते आणि दरवर्षी बोलणी खाते. इंग्लंडातल्या प्लिमथहून गाडीसकट बोटीने फ्रान्सचं रॉस्कॉफ बंदर, तिथून रेन, नाँत, आंगुलेम करत दोर्दोन्य नदीकाठच्या भाड्याच्या घरात. सातशे किलोमीटर, दोन दिवस.

यंदाही नकाशाची घडी उघडली. आता विषय निघणार होता, डावीकडे कोण बसणार.

आमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आणि फ्रान्सात गाडी हाकायचीही रस्त्याच्या उजव्या कडेने. पुढे ट्रॅक्टर आला की ड्रायव्हरला त्या ट्रॅक्टरच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून कोण येतंय ते दिसतं डावीकडच्या सीटवरच्या माणसाला. तो 'गो' म्हणाला की गाडी बाहेर काढायची, 'नो' म्हणाला की गप मागे राहायचं. सगळ्यांचा जीव त्या एका शब्दावर.

अकरा वर्षं ती सीट माझ्या सासऱ्यांची, विल्फची. वय एकोणऐंशी. चौतीस वर्षं आमच्याकडच्या डार्टमूर माळरानातल्या बोळासारख्या रस्त्यांवर बस चालवली आणि बसला ओरखडा नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, गावातले बाकीचे सांगतात.

गेल्या ऑगस्टमध्ये आंगुलेमच्या पुढे गवत लादलेला ट्रॅक्टर पुढे आला. वीस मिनिटं त्याच्या मागे. अंग भाजत होतं, चारच्या आत घराची किल्ली घ्यायची होती, आणि मला मुळातच धीर कमी. मी गाडी जरा डावीकडे घेतली. विल्फ म्हणाले, "नो." मग पुन्हा म्हणाले, "नो, क्लाइव्ह." स्पष्ट म्हणाले. मला ऐकू आलं, आणि मी गाडी बाहेर काढली.

समोर दुधाचा टँकर. मी गाडी पलीकडच्या गवतात घातली आणि टँकर भोंगा वाजवत माझ्या बाजूचा आरसा घेऊन गेला. मागे हिलरी झोपेतून किंचाळत उठली. टिल्डाच्या कानात गाणी चालू होती.

"काय केलंस हे, क्लाइव्ह?" हिलरी ओरडली.

"विल्फ 'गो' म्हणाले," मी म्हणालो.

एक अक्षर बदललं मी. विल्फ माझ्याकडे वळून बघत राहिले. "म्हणालो का मी?"

"म्हणालात की."

"मग माफ कर, पोरा," ते म्हणाले.

संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. मग म्हटलं, सुट्टी कशाला नासवायची, घरी गेल्यावर सांगू. मग नाताळ आला. बोलायला गेलं की जीभच रेटत नव्हती. एक गोष्ट मला कळली आहे, लाजेची सवय होते. मी जेवत होतो, झोपत होतो, आणि विल्फना अजून बटाटे हवेत का, असं विचारतही होतो.

"डॅड, तुम्ही मागे बसाल ना यंदा?" हिलरीने नकाशावरून नजर न उचलता विचारलं. तिला ते विचारणं जड गेलं होतं.

"आजोबा माझ्या शेजारी!" टिल्डा म्हणाली. "पण चीजची सँडविचेस माझ्याकडे राहतील. गेल्या वेळी ब्रेस्टच्या आतच सगळी फस्त केली होतीत."

"ब्रेस्ट वाटेत लागत नाही, बाई. भूगोलात नापास झालीस की काय?" विल्फ हसले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी येतच नाहीये यंदा. लायसन्सही पोस्टाने परत पाठवलं. गाडी शेजारच्या ग्वेनला देऊन टाकली."

"डॅड! कधी?" हिलरी उभीच राहिली. "आणि डोळे तपासून घेतले असते आधी!"

"घेतले ना. चष्मेवाली बाई म्हणाली, डोळे पन्नाशीच्या माणसाचे आहेत. तेच तर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी साधेपणाने, जसा एक ड्रायव्हर दुसऱ्याशी बोलतो. "क्लाइव्ह, तो टँकर मला दिसला होता. मला नीट आठवतंय, मी पाहिला. तरी तोंडातून 'गो' गेलं. म्हणजे डोळ्यांचं नाही हे, डोक्याचं आहे. मंगळवारी इस्पितळात बोलावलंय, स्मरणशक्तीच्या तपासणीला. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

हिलरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मेलेल्या माणसाला निदान बोलावं तरी लागत नाही.

"तुम्ही 'नो' म्हणालात," मी म्हणालो.

"काय?"

"आंगुलेमला. तुम्ही 'नो' म्हणालात, विल्फ. दोनदा. मी ऐकलं आणि तरी गाडी काढली. मग खापर तुमच्यावर फोडलं."

हिलरीचा हात त्यांच्या खांद्यावरच राहिला, पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्या नजरेला मी लायक होतो. शिव्या चालल्या असत्या मला. विल्फनी हाताला लागेल ते फेकून मारलं असतं तरी चाललं असतं.

त्यांनी फक्त विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"माझी समजूत घालायला नाही ना सांगत आहेस? मंगळवार आहे म्हणून?"

"नाही. 'नो' म्हणालात. आणि दुसऱ्यांदा माझं नाव घेऊन म्हणालात."

"'नो, क्लाइव्ह,'" ते हळूच म्हणाले. "हो. तसंच आठवत होतं मला. मला वाटलं, मीच मनाने रचलं." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. डोळे भरले होते आणि ते हसतही होते, आणि ते हसू मला बघवेना.

"सात महिने," ते म्हणाले, "रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणतोय मी. आधी मनात ठरवायचं, मग तोंडाने म्हणायचं. गो, नो. गो, नो. एकदाही चुकलं नाही रे. आणि मला वाटायचं, चुकतंय आणि मला कळत नाहीये."