गुरुवारची सासू

तुमच्या गावात सगळ्यात खाष्ट सासू कोण हो? बघा, एक नाव लगेच आठवलं ना! आणि ते तुमच्या घरातलं नाही, शेजारचं आहे, हेही मला ठाऊक आहे.

मी ग्रामपंचायतीचा रेडिओ बोलतोय. आता माझ्यावर धूळ आहे, आत पाली आहेत. पण एकोणसाठ साली दिग्रसजवळच्या या गावात मी आलो, तेव्हा मला हळदकुंकू वाहिलं होतं. चावडीच्या भिंतीवर मला जागा मिळाली. माझी बॅटरी उतरली, की ती चार्ज करायला मोटारीने दिग्रसला जायची.

बाजारभावापुरते पुरुष थांबत. गुरुवारी संध्याकाळी मात्र बायकाही येत, कारण त्या दिवशी माझ्यातून एका कुटुंबाची गंमत ऐकू येई. सासू तोंडाळ, नवरा बायकोला भिणारा, आणि गडी खेड्यातला म्हणून बावळट. लिहिणाऱ्याला फार कष्ट नसावेत. सासू खोकली तरी लोक हसत. गडी वऱ्हाडीत बोलला, की आमची मंडळी पोट धरून म्हणत, "काय येडे असतेत हे खेड्यातले!"

सगळ्यात जास्त हसायची धुरपताबाई. तिच्या घरात तिच्या मुलाची, घनश्यामची बायको, कोकिळा, नवीनच आली होती. धुरपताबाई हसायची आणि घरी जाताना मनाशी ठरवायची, आपण असं बोलायचं नाही. भाजी खारट झाली, गप्प. दूध उतू गेलं, गप्प. हे तिनेच एकदा माझ्याखाली बसून शेजारच्या लीलाबाईला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

लीलाबाईने दुसऱ्याच दिवशी कोकिळेला गाठलं.

"काय वं, सासू बोलते का तुले?"

"नाई जी. कईच नाई."

"मंग सांभाळून राह्य. रेडिओतली बी आधी गप्पच असते."

कोकिळेच्या माहेरी आर्णीला दिवसभर आरडाओरडा चाले, आणि रात्री सगळे एका ताटात जेवत. बोलणं खाणारी पोर ती. न बोलणाऱ्या घरात तिचा जीव गुदमरू लागला. गुरुवारी ती चावडीवर येई, तेव्हा तिच्या तोंडावर मला सगळं दिसत होतं. पण माझ्या तोंडून दुसऱ्यांचेच शब्द निघतात, मी काय सांगणार?

एका गुरुवारी माझ्यातल्या सासूने ताट भिरकावलं. चावडी खदखदून हसली. कोकिळा हसली नाही. कार्यक्रम संपल्यावर ती लीलाबाईला म्हणाली, "मावशी, उद्या सकाळच्या मोटारीनं मी आर्णीले जातो. वापस नाई येत. आत्याबाईच्या मनातून उतरली मी."

मागेच धुरपताबाई उभी होती. तिने तीन महिने दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"अवं येडे! भाजीत मीठ टाकतं का मिठात भाजी टाकतं तू? दूध चुलीवर ठिवून कुठी पाहून राह्यते? मी कायले बोलली नाई, हाय का मालूम? लोक मले रेडिओतली म्हणतीन म्हणून! आन् तू माहेरी चालली? घनश्यामले मी काय सांगू? मले दिवसभर कोण हाय घरात?"

कोकिळेच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मंग सांगाचं ना जी, आत्याबाई! मले वाटलं, तुमाले मी आवडतच नाई."

"आता सांगून राह्यली ना! चाल घरी. भाकरी कोण टाकन?"

दोघी घराकडे वळल्या. कोकिळा पुढे, धुरपताबाई बोलत मागे.

लीलाबाई बाकीच्यांना म्हणाली, "पाहा! निघाली ना शेवटी रेडिओतलीच?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात धुरपताबाईचं ते नाव पडलं ते पडलंच. मी खरं बोलतो असं लोकांना वाटायचं, याचं मला अजून वाईट वाटतं. एवढंच मागतो, माझं ऐकून हसा, पण घरचं माणूस घरात बघून ओळखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्णीची मोटार चावडीसमोर थांबली, दोन माणसं उतरली, कोणी चढलं नाही, आणि मोटार निघून गेली.