लाल गालिच्यावरचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने खेळाचे टेबल आहे. अभ्यासाची आणि जेवणाची टेबले तुम्ही रोज पाहता. माझे काम मात्र फक्त खेळायचे! माझ्या माथ्यावर फिक्या आणि गडद लाकडाच्या तुकड्यांचा बुद्धिबळाचा पट जडवलेला आहे. तो पट उलटा बसवला की हिरव्या कापडाची बाजू वर येते आणि पत्त्यांचा डाव मांडता येतो. पोटात एक खण आहे. सोंगट्या तिथे झोपतात.

मला घडवणारा सुतार भारी चिडखोर होता. चौकोन बसवताना कुणी शिंकले तरी खेकसायचा. एक तुकडा केसभर वाकडा बसला म्हणून त्याने अख्खी ओळ उखडली आणि पुन्हा बसवली.

तिथून मी आगीचे बंब ठेवतात त्या केंद्रात गेलो. जवान कामाची वाट पाहत माझ्याभोवती बसायचे. डाव रंगात यायचा, हत्ती उचललेला असायचा आणि तेवढ्यात घंटा घणाणायची. खुर्च्या धडाधड मागे पडायच्या, बंब निघून जायचा. मी अर्धा डाव छातीवर घेऊन दाराकडे कान लावून बसायचो. सगळे परतले की काजळलेली बोटे पुन्हा पटावर यायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

एकदा एक जवान परतला नाही. त्या जवानाचा डाव बरेच दिवस तसाच राहिला, कुणी धूळसुद्धा झटकली नाही. मग एका दुपारी त्याचा जोडीदार एकटाच येऊन बसला. एक चाल स्वतःची, एक त्याची, असे करत त्याने तो डाव संपवला. सोंगट्या खणात ठेवल्या आणि खण हळूच लावला.

पुढे केंद्र नव्या इमारतीत गेले आणि मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडलो. माझ्यावर रंगाचे डबे आले. ओल लागून एका पायाचा सांधा सैल झाला. जुने सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने मला तिथून उचलले, तेव्हा मला वाटले, सुटलो.

पण खरा घोर पुढेच होता. घरे सजवून देणारे एक गृहस्थ दुकानात आले. त्यांनी माझ्या चारही पायांवर पेन्सिलीने रेघा ओढल्या. "इथून कापा," ते दुकानदाराला म्हणाले. "वर काच टाकली की सोफ्यापुढे झकास दिसेल. मी चहा घेऊन येतो." दुकानदाराने करवत काढून माझ्या शेजारीच ठेवली. आता ओरडायचे तर मला तोंड कुठे होते?

तेवढ्यात एक बाई आत आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता आणि काठी टेकत येणारे वडील. वडिलांची उजवी बाजू आजारपणात लुळी पडली होती. त्यांच्यासाठी बुद्धिबळाचे टेबल हवे होते.

बाईने माझा माथा दोन्ही हातांनी धरून हलवला. मी कुरकुरलो. मग तिने खण ओढून पाहिला आणि मोबाइलचा दिवा लावून थेट माझ्या पोटाखाली शिरली.

"कीड नाही लागलेली," ती खालूनच म्हणाली. "पण एक पाय डुगडुगतोय."

"मग सोड ना, ताई. ते पलीकडचं बघ कसं चकचकतंय!"

"त्याच्याखाली गुडघे जातात का बघ आधी."

भाऊ खुर्ची घेऊन बसला आणि त्याचे गुडघे फळीवर आपटले. मग त्यांनी वडिलांना माझ्यापुढे बसवले. त्यांचे गुडघे अलगद आत आले. डावा हात पटावरून फिरवत ते म्हणाले, "हेच."

दुकानदार घुटमळला. "काका, याचे पाय कापायचे ठरलेत. मी शब्द देऊन बसलोय."

आणि ते गृहस्थ दारातच उभे होते. "काय चाललंय?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला सोफ्यापुढे काहीही चालेल हो," ताई म्हणाली. "माझ्या बाबांना यावर खेळायचंय."

"असं सगळेच म्हणतात. नंतर त्यावर फुलदाणी ठेवतात."

बाबा खणातून एकेक सोंगटी काढून मांडत होते, डाव्या हाताने, सावकाश. एक प्यादे निसटून खाली पडले. कुणीच हलले नाही. करवत तिथेच होती. शेवटी त्या गृहस्थांनी वाकून प्यादे उचलले, त्याच्या घरात ठेवले आणि दुकानदाराला म्हणाले, "मला दुसरं काहीतरी दाखवा."

निघताना बाबांची नजर भिंतीला टेकवलेल्या एका लाल गालिच्यावर गेली. त्यांचा सगळा जन्म सूत रंगवण्यात गेला होता. त्यांनी ओला रुमाल त्यावर घासून पाहिला. रुमाल पांढराच राहिला.

"असा लाल आता मिळत नाही. टेबलाखाली घालू."

"बाबा, तो लहान पडतोय. खुर्ची मागे सरकवली की तिचे मागचे पाय काठाबाहेर जातील. शिवाय घसरतोय," ताई म्हणाली.

"माझी खुर्ची मी बघेन," बाबा म्हणाले. एकदा त्यांनी ठरवले की पुढे बोलण्यात अर्थ नसायचा.

अशा रीतीने मी आणि तो गालिचा, आम्ही दोघे एका घरात आलो. तिथल्या एका सुताराने माझा पाय आवळला. रोज दुपारी शेजारच्या सिस्टरबाई खेळायला येऊ लागल्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या आणि खेळताना दयामाया बिलकूल दाखवायच्या नाहीत. "आजारी माणसाचा वजीर मारता?" बाबा विचारायचे. "आजारी तुम्ही आहात, वजीर नाही," त्या म्हणायच्या. ताई स्वयंपाकघरात हसायची. मला मात्र हसू येत नसे. खुर्ची मागे सरकताना तिचा पाय गालिच्याच्या काठाला अडखळतो, हे मला रोज जाणवत होते.

एके दुपारी बाबा जिंकले. कधी नव्हे ते जिंकले! त्या आनंदात काठी न घेताच ते उठले आणि खुर्ची झटक्यात मागे रेटली. तिचा पाय काठात रुतला, खुर्ची उलटली आणि पायाखालचा गालिचा सरकला. बाबांच्या डाव्या हाताने माझी कड पकडली. त्यांचा सगळा भार एका बाजूने आला आणि मी कलंडू लागलो. माझे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले. मी पडलो असतो तर त्यांच्याच छातीवर पडलो असतो.

सिस्टरबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी समोरून माझ्यावर अंग टाकले. सोंगट्या चहूकडे उडाल्या. माझे पाय धप्पकन खाली आले. "सोडू नका!" त्या ओरडल्या. "ताई, धाव! हात ओढू नकोस, मागून कमरेला धर!"

माझा सैल सांधा कर्र कर्र उघडत होता. खिळा सुटत असल्याचे मला कळत होते. अजून थोडे, अजून थोडे, असे मी स्वतःलाच बजावत होतो. ताई धावत आली, तिने बाबांना मागून सावरले आणि हळूच जमिनीवर बसवले. त्यांचा हात सुटला आणि त्याच क्षणी माझा पाय मोडला.

बाबांचे मनगट तेवढे मुरगळले. पण ताईने संध्याकाळीच दुकानदाराला फोन लावला. "उद्याच्या उद्या दोन्ही परत पाठवते," ती म्हणाली. "पुरे झाला तो खेळ." दुकानात जिने मला वाचवले, तीच आता मला काढायला निघाली होती. भावाने मला भिंतीकडे तोंड करून टेकवले.

सकाळी सामान नेणारे दारात आले. बाबा भिंत धरत धरत आले आणि माझ्यापुढे आडवे उभे राहिले.

"गालिचा जाऊ दे," ते म्हणाले. "हट्ट माझा होता. टेबल राहील."

"बाबा, पुन्हा पडलात तर?"

"खुर्चीत बसवून ठेवलंस तर मी उठायचंच विसरेन, बाळा."

ताईने माणसांना परत पाठवले. गालिचाही तिने नेऊ दिला नाही. भावाने तो भिंतीवर उंच टांगला, बाबांना बसल्या जागेवरून दिसेल असा. माझ्याखाली आता मोकळी फरशी आहे. मोडलेल्या जागी नवा पाय आहे, जरा फिक्या रंगाचा.

पहिल्या दिवशी ताई बाबांच्या खुर्चीमागे दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. बाबा म्हणाले, "मागे उभी राहू नकोस. समोर बस." ती बसली. सोंगट्या कशा चालतात हेही तिला नीट ठाऊक नव्हते. बाबांनी घोडा उचलून अडीच घरे चालवून दाखवला.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणाल तेव्हा आधी तिला धरून हलवा. तिच्यापाशी कोण बसणार आणि कोण उठणार, याचा विचार करा. काही कुरकुरले तर तिचे ऐका. आम्हाला बोलायची तेवढी एकच रीत येते. आणि एकदा आणलीत, की तिच्याशी खेळा. ओरखडे पडले तर पडू द्या.